आट्यांतली हळद

दस्तगीरच्या भंगारात वजनावर घेतली,
सव्वा किलो, पितळेच्या भावात.
"टॉकीजची हाय," तो म्हणाला, "मशीनची."
मी मान हलवली. भाव पाडायचा असला की
मला काहीच ओळखू येत नाही.

गणपती पेठेत, जिन्याखालच्या दुकानात
रात्री दिव्याखाली धरली.
टॉकीजची नव्हेच. ती लांबवर फेकते,
ही नाकापुढचंच पाहणारी.
झडप नाही, फोकसची रिंग नाही.
छापखान्याची म्हणावी, तर तिथे सगळा कारभार सावकाश,
आणि हिला उजेडाची एवढी भूक
की पुढची काच आमटीच्या वाटीएवढी,
मागची जवळजवळ फिल्मला टेकलेली.
कडेवर कोरलेलं: शून्य पॉइंट पंचाहत्तर.
चाळीस वर्षं कॅमेरे उघडतोय,
एवढा लहान आकडा कधी हातात आला नव्हता.
एवढ्या अंधारात
कुणाला काय टिपायचं होतं?

आट्यांत काहीतरी पिवळं.
पितळेची घाण म्हणून टूथपिकनं खरवडलं,
साबणाचं पाणी लावलं
आणि बोट लाल झालं.
सांगलीत जन्मलेल्या माणसाला
यापुढे पुस्तक लागत नाही.
हळद उजेडात उडते, अंधारात टिकते.
म्हणजे ही कुठल्यातरी बंद डब्यात होती
आणि डबा हळदीच्या पेठेत उभा होता.

मिरजेच्या एस्तेरबाई लोंढे, वय शहाऐंशी.
लेन्स मांडीवर घेतली,
अंगठ्यांनी कड चाचपली, चष्मा नंतर लावला.
"गाडीतली," म्हणाल्या. "क्षयाच्या गाडीतली.
माणूस पडद्याला छाती टेकवून उभा, पाठीकडून किरण.
पडदा उजळायचा हिरवट, काजव्याइतका.
त्या उजेडाचा फोटो, बोटभर फिल्मवर.
दिवसाला अडीचशे हमाल.
सदरा काढला तरी पिवळेच.
प्रत्येकाच्या मागे पडद्याची काच पुसायची.
आत मात्र हळद दिसत नाही.
बरगड्या दिसतात, आणि एखाद्याला
कापसाच्या बोंडाएवढं काहीतरी."
मग लेन्स उलटी करून म्हणाल्या,
"हिनं तोंड पाहिलं नाही कुणाचं."

माझा शिवामामा यार्डात होता.
दीड वर्ष मिरजेला राहून परत आला,
त्यानंतर पंधरा वर्षं जगला, तंबाखू सोडली नाही.
त्याचा फोटो आमच्याकडे नाही.
मी हे बाईंना सांगितलं नाही.
अडीचशेतला एक,
त्यांना काय आठवणार.

पुण्याचा एक पोरगा रोज फोन करतो. साठ हजार म्हणतो.
लग्नाचे फोटो काढणार आहे:
एक पापणी धारदार,
बाकी नवरी लोण्यासारखी वितळलेली.
मी त्याला मूळ काम सांगितलं.
थोडा वेळ गप्प राहिला.
"ते पार्टीला सांगायचं नाही हं, काका."
अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.
दुकानाचं भाडं थकलंय.

त्या दुपारी एक कडी घडवून
लेन्स कॅमेऱ्याला बसवून नेली होती.
"बसा," म्हटलं, "एकच काढतो."
वीतभर अंतर. त्यापलीकडे हिला जग नाही.
खिडकी, येशूचं कॅलेंडर, औषधांचा डबा,
सगळं विरघळून एक हिरवट धूर,
आणि मधोमध त्यांच्या मानेवरची एक शीर,
स्पष्ट. उडणारी.
माझा हात थोडा थरथरला असावा.
सवयीनंच म्हणाल्या,
ज्या आवाजात साठ वर्षांपूर्वी यार्ड उभं राहायचं त्या आवाजात,
"श्वास घ्या. धरा."
मी धरला. बटण दाबलं.
तेवढ्यात खाली गॅसवाला आला,
त्या सुटे पैसे शोधायला उठल्या.

परतताना विश्रामबागच्या सिग्नलला ध्यानात आलं,
"सोडा" म्हणायचं
राहूनच गेलं होतं.