लोन

इंदोऱ्यात शिवणक्लासचा हॉल, वरचा मजला.
कूलरनं अर्ध्याच बायांना वारा द्यायचं ठरवलेलं.
अहेरीहून रात्रीच्या गाडीनं आलेल्या चौदा जणी
मशिनींच्या मधे, पाय दुमडून.
फळ्यावर मी ठळक लिहिलं:
संरक्षण अधिकारी.

मैनी पुंगाटी उठली
आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.
पाणी देऊ का? नको म्हणाली.
जुरी हळूच बोलली, ताई, तो पहिला शब्द पुसा.
आमच्याकडे संरक्षण म्हणजे
वाळूची पोती, काटेरी तार,
बाजाराच्या पिशवीत हात घालून
एवढा तांदूळ कोणासाठी, असं विचारणारा माणूस.

मी पुसला.
बोटांवर खडूची भुकटी घेऊन उभी राहिले
बारा वर्षांच्या पाठांतरासकट.

नवऱ्यानं मारलं तर ठाण्यात जा,
हे किती वस्त्यांत सांगितलं असंल मी, कळमन्यात, नारीत,
जिथं ठाणं म्हणजे फार तर एक वैतागलेला हवालदार
आणि त्याचं, घरचं घरी मिटवा ना बाई.
मैनीच्या गावची बाई ठाण्याची पायरी चढली
तर उतरताना ती कोणाचीच नसते.
रात्री जंगलातून येऊन विचारतात, काय सांगून आली?
सकाळी ठाण्यातून येऊन विचारतात, रात्री कोण आलं होतं?
तिचा सुजलेला डोळा
दोघांनाही दिसत नाही.
नवऱ्याला हे माहीत आहे.
तो म्हणतो, जा ना.

जेवताना भाजी तिखट निघाली, तेवढ्यावर सगळ्या हसल्या.

दुपारी फळा सोडून खाली बसले.
म्हटलं, ठाण्यावरूनच जायला पायजे असं नाही, बाप्पा.
अर्ज थेट कोर्टात देता येतो.
तू नाही, तर तुझ्यासाठी दुसरी कोणीही देऊ शकते.
कोर्ट कुठं, विचारलं. अहेरीला.
मधे दोन नद्या आहेत, कोणी तरी म्हणालं,
आणि मी पुढच्या कलमावर गेले.

कलम सतरा. घर त्याच्या नावावर असलं
तरी तुला बाहेर काढता येत नाही.
जुरी माडियात सांगू लागली, आणि सारखं येऊ लागलं
लोन, लोन.
मी मधेच म्हटलं, नाही गं, यात बँकेचा काही संबंध नाही.
सगळ्या माझ्याकडे पाहत राहिल्या.
लोन म्हणजे घर, ताई.

तेव्हा मैनीनं खिडकीतूनच विचारलं, मराठीत,
लाकडं त्यानं आणली, कूड मी लिंपला.
कायद्यात कुडाचं काही आहे?

मी म्हटलं, आहे.
मग म्हटलं, तसं लिहिलेलं नाही.
मग पुन्हा म्हटलं, आहे.

रात्री गणेशपेठच्या स्टँडवर तिनं माहितीचा कागद
वरच्या कडेनं सरळ फाडला.
संस्थेचं नाव, शिक्का, फोन, सगळी पट्टी माझ्या हातात दिली.
उरलेला मिठाच्या पुड्यात घातला.
फोन नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला.
शेवटचा आकडा चुकला, आणि गाडी हलली.
मी धावत बोटं वर केली. पाच आणि दोन.
तिनंही आतून काही बोटं दाखवली.
काच मळकी होती.
सात असावीत.