सहावं भोक

लेन्सच्या कडेवर रशियन अक्षरं आहेत.
मला वाचता येत नाहीत, कासमभाईलाही नाही.
चोरबाजारात त्यानं अठराशे सांगितले,
मी काचेच्या आतली बुरशी दाखवली.
तो म्हणाला, ताई, ती फोटोत येत नाही.
मी म्हटलं, भावात तर यायला हवी ना.
साडेअकराशेला सुटली.

फोकसची कडी आवळ फिरते,
जुनं ग्रीस लोणच्याच्या बरणीसारखं झाकण सोडत नाही.
पुढे तीन नळकांड्या लावल्या
की घड्याळ इतकं जवळ येतं
की सेकंदकाट्याची सावली
काट्याच्या मागोमाग चालताना दिसते.

टिळकनगर, तिसरा मजला, शिलाई मशीनचं झाकण:
हा स्टुडिओ.
खिडकीला बटरपेपर, फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल,
आणि घड्याळ उभं राहावं म्हणून पाठीला कणीक,
डब्याच्या पोळ्या लाटताना
सुपारीएवढी बाजूला काढलेली.
नऊला ऊन येतं.
साडेदहाला समोरचा टॉवर ते घेऊन जातो.

विरेन गोरडिया नगामागे साठ रुपये देतो.
काटे दहा वाजून दहावर,
म्हणजे घड्याळ हसतं म्हणे.
काचेत माझा चेहरा नको.
म्हणून काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून
मी त्यामागे बसते, बुरख्यातल्यासारखी,
आणि बाहेर लेन्स तेवढी.
दोनवर काढ, तो सांगतो, माल तरुण दिसतो.
खरंय. दोनवर बाराचा आकडा तेवढा धारदार,
सहापर्यंत जाता जाता तबकडीचं लोणी होतं.
आठवर आणली
की एकेक ओरखडा साक्षीला उभा.

मंगळवारच्या पाकिटात अकरा घड्याळं होती.
सातवं एचएमटी जनता,
पांढऱ्या तबकडीनं साय धरलेली.
मागे कोरलेलं:
ना. भि. तांडेल, माझगाव, १९८१.
किल्ली दिली. कानाला लावलं. चालत होतं.

पट्टा घामानं काळा.
कंपनीची पाच भोकं,
तिसरं ताणून ताणून लांबट झालेलं,
तिथे कितीतरी वर्षं गेली असणार.
चौथं थोडंसं. पाचवं थोडंसं.
आणि त्यापुढे, घड्याळाच्या बाजूला,
रांगेतून जरा डावीकडे सरकलेलं,
खिळ्यानं पाडलेलं सहावं.
कडा ओबडधोबड. फारसं न वापरलेलं.

मी मनगटावर चढवून पाहिलं.
बांगडीवाला मला दोन-चार देतो,
तेही कधीकधी सैल होतं.
सहाव्या भोकात
बक्कल लागेपर्यंत कातडी चिमटली.

विरेनला फोन केला.
पट्टा फेकून दे, म्हणाला, तपकिरी नवा पाठवतो,
आणि नाव घासून घेऊ, गिऱ्हाइकाला आवडत नाही.
मी बरं म्हटलं.
त्याचा माल, त्याचं गिऱ्हाईक,
माझे साठ रुपये.

दहा पंचवीस झाले होते.
काटे जिथे होते तिथे राहू दिले.
पट्टा आडवा टाकला, लेन्स आठवर,
कडी फिरवता फिरवता टॉवरची सावली
मशीनच्या चाकापर्यंत आलेली.
एकच फोटो मिळाला.
पाचवं भोक अंधुक, सहावं स्पष्ट,
आणि त्याच्याभोवती दुधासारखी एक वाफ.
येत नाही म्हणाला होता कासमभाई.
इथे आली.

तांडेलांचं घड्याळ आता विकाऊ आहे,
तपकिरी पट्ट्यात, दहा वाजून दहा.
फोटो दोनवर काढलाय. छान आलाय.

कणीक मी रोज कावळ्यांना टाकते.
त्या दिवशीची उचलली
तर तिच्यावर उलटं, अर्धं,
लडेंता असं काहीतरी उमटलेलं.
बशीत ठेवली.
आता वाळून दगड झालीय,
घरातले विचारतात हे काय,
आणि मी म्हणते,
राहू दे, कामाचं आहे.