चौथा मजला, ब्रॉन्क्स

बॉयलर बंद पडून आज नववा दिवस.
आल्ताग्रासिया ओव्हनचं दार उघडं टाकते,
तेवढीच ऊब.
यादिएलच्या छातीत
एक गंजलेलं दार करकरत राहतं.

बाथरूमच्या कोपऱ्यातली बुरशी
घरमालकाने तीनदा रंगवली.
पांढऱ्या रंगाखालून ती पुन्हा वर येते
एक तारखेच्या भाड्यासारखी, न चुकता.

काल क्लिनिकची बाई आली, कागद घेऊन.
झुरळं? हो. उंदीर? भिंतीत.
गालिचा? शेजारणीने दिला, चांगला होता.
घरात कोणी सिगारेट ओढतं?
खालचे ओढतात.
आमच्याकडे पाइपाच्या भोकातून येतो धूर.
‘खिडकी उघडी ठेवत जा,’ बाई म्हणाली,
आणि खालून एकामागून एक ट्रक गेले,
तिचं पुढचं वाक्य ऐकूच आलं नाही.

रात्री अडीच.
पंपावरचा आकडा अकरा.
पोरगा उशीला टेकून बसलाय,
खांदे कानांपर्यंत,
सात वर्षांचा म्हातारा.
ती पाठीवर हात ठेवून मोजते,
चुकते, पुन्हा पहिल्यापासून.

‘आई,’ तो मधेच थांबत विचारतो,
‘भिंतीलाही... दमा आहे?
बघ ना, कशी फुगलीय.’

ती रंगाचा तो फोड
अंगठ्याने दाबून बघते.
आत ओलं.