साडेसातशे वॅट

सांबऱ्यात राहणाऱ्यांना विमानं खालूनच माहीत.
पोट, चाकं, पोटावरचा तेलाचा ओघळ.
बेंगळूरचं सकाळी, हैदराबादचं दिवेलागणीला,
आणि त्या दोन्ही वेळी
मांडणीवरच्या ताटल्या वाजतात.

मला वरून बघायचं होतं. एवढंच.
पायलट व्हायचं वगैरे काही नव्हतं.
सत्तेचाळीस वय, उद्यमबागेत फाउंड्रीचे हिशेब लिहिते मी,
चष्म्याला आता दोन नंबर.

ऑगस्टात भिशी लागली.
बायकांना वाटलं, फ्रिज घेणार.
मी म्हटलं, तसंच काहीतरी.
अगदीच खोटं नाही. तेही घरघरतं.

गणपत गल्लीत ईरण्णाचं दुकान, जिना चढून.
त्यानं काचेवर कार्डं मांडली, तीन पंख्यांची, दोन पंख्यांची,
मासळीबाजारात मांडतात तशी, तोंडं एका बाजूला.
"आक्का, ढग बघायचे तर हे मोठं घ्या. सोळा जीबी.
ढगात कापूस दिसतो बघा, कापूस."
आणि पॉवर सप्लाय?
"साडेपाचशे. साकु."
साकु म्हणजे पुरे.
पुरे म्हणणारे पुरवठादार मी बावीस वर्षं ओळखते.

चलनाच्या पाठीवर बेरीज केली:
कार्ड दोनशे वीस, प्रोसेसर सव्वाशे,
पंखे, डिस्क, किरकोळ धरून साठ.
चारशे पाच. साडेपाचशेत बसतं, कागदावर.
पण भट्टी चालू होताना मी बघितलेली आहे.
मीटरचा काटा आधी उडी मारतो, मग जागेवर येतो,
आणि त्या उडीत
अख्ख्या गल्लीच्या ट्यूबा एकदा डोळा मिटतात.
कार्डाचंही तेच. समोर धुकं आलं, शहर आलं,
की पापणी लवते तेवढ्यात दुप्पट ओढतं.
हिशेब सरासरीचा लिहितात.
जळतं ते उडीत.

म्हणून कार्ड लहान, बारा जीबीचं, दोन पंख्यांचं,
आणि सप्लाय साडेसातशेचा, खोक्यावर 'गोल्ड' छापलेला.
"उलटं करताय की आक्का," ईरण्णा म्हणाला,
"दिसतं ते कार्ड. सप्लाय कोण बघतंय?"
म्हटलं, कास्टिंगच्या आतलं तरी कोण बघतं.
ठोकून ऐकतात.
त्यानं सप्लायवर टकटक केली, कान लावला,
हसला, दीडशे रुपये कमी केले.

जोडून द्यायला त्याचा बसू आला.
तारा अशा आवळल्या की कुणा मुलीची वेणी घालतोय.

पहिल्या संध्याकाळी सव्वीस नंबरच्या धावपट्टीवरून सुटले.
सांबरा, मुतगे, मग किल्ल्याचा खंदक,
उद्यमबागेचे पत्रे, एकाखालचा एक ओळखीचा.
ढगात कापूस नव्हता, पिंजून उरलेलं काहीतरी होतं. चाललं.
खाली गावांच्या पाट्याच नव्हत्या,
म्हणून कुठल्या भाषेत, हा प्रश्नही नव्हता.

वळून घर शोधलं.
माझ्या घराच्या जागी घर होतं, पण भलतंच:
उतरतं तांबडं छप्पर, धुराडं,
दारात थंड देशातलं टोकदार झाड.
चिंच नाही. निळी टाकी नाही.
दुसरीच कुणी बाई तिथं राहत असावी.
मी तिच्यावरून तीन घिरट्या घातल्या.
तिच्या ताटल्या वाजल्या असतील.

मग उतरायला लागले. चाकं खाली.
पाचशे फूट, तीनशे, समोर दिव्यांची दुहेरी माळ, आणि
लाईट गेली.

साडेसातशे वॅट, सोन्याचा शिक्का,
सगळं एका क्षणात नुसतं लोखंड.
"यूपीएस?" ईरण्णानं विचारलं होतं जिन्यात.
मी म्हटलं होतं, बघू पुढं.

अंधारात पंख्यांचा आवाज कमी होत गेला,
कमी होत गेला,
आणि मग वाढायला लागला.
तो वरून येत होता.
हैदराबादचं. आज वेळेवर.
ताटल्या वाजल्या.

मी हात तसेच धरून बसले, दांडा किंचित मागं ओढलेला,
तीनशे फुटांवर.
पुढची भिशी मार्चात.