त्र्याण्णव साल

बाबा जिन्यावर बसतात, खालून तिसऱ्या पायरीवर.
त्याच्या खाली गुडघा नको म्हणतो.
मी टॉर्च घेऊन आत, वाकून,
आणि ते वरून हुकूम सोडतात
जणू अजून नदीकाठच्या गोदामात नोकरीला आहेत:
डावीकडून चौथी.
ती नाही. तिच्या मागची.

सहा काढायच्या.
चोवीसच्या रात्री दोन, कॉड आणि कोबीचं जेवण झाल्यावर.
एक नाताळच्या दुपारी, झुल्मिरा आत्या येईल तेव्हा
(तिला गोड लागतं, आणि भरपूर लागतं).
एक वर्ष संपताना, बारा मनुकांबरोबर.
एक तीन राजांच्या सणाला.
आणि एक अशीच, कुणी पाहुणा आला तर.
पाहुणा दरवर्षी येतो,
बाबा म्हणतात, त्याचं नाव तहान.

प्रत्येक बाटलीवर चुन्याचा पांढरा फराटा,
वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून.
वर्षानुवर्षं एकाच कुशीवर निजलेली ही माणसं.
कूस बदलली की गाळ उठतो.

सत्त्याहत्तर: बाबांचा पहिला पगार.
पंच्याऐंशी: लग्न.
चौऱ्याण्णव: माझा भाऊ एर्मिनियु,
त्या साली दोरूच्या खोऱ्यात उन्हाने हात आखडला नाही.
तो आता लक्झेंबर्गला लिफ्ट दुरुस्त करतो
आणि नाताळला येत नाही,
तरी त्याच्या सालाची एक बाटली काढायचीच.

मी त्र्याण्णवची.
तेव्हा तोडणीच्या दिवसांत पाऊस थांबलाच नाही,
घड वेलीवरच बुरसले.
एका वर्षाने चुकलीस पोरी,
हा विनोद आमच्या घरात
माझ्याएवढाच म्हातारा आहे.

दोन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात बाबांचं नाक गेलं.
चाळीस वर्षं ज्या नाकावर आमचं घर चाललं, ते.
बाहेर कुणाला सांगितलेलं नाही.
गेल्या नाताळात एक बाटली आंबलेली निघाली.
बाबांनी ग्लास दिव्याकडे धरला, हुंगला, म्हणाले,
सुकं अंजीर, अक्रोड, शेवटी जरा धूर.
आईने माझ्याकडे पाहिलं.
आम्ही सगळ्यांनी ती प्यायली.
आत्याने तर ग्लास पुन्हा पुढे केला.

पाच झाल्या.
सहावीसाठी हात भिंतीपर्यंत घालते
आणि लागते एक बिनलेबलची,
खडूने लिहिलेलं, अर्धं पुसलेलं: ९३.
ती राहू दे, बाबा म्हणतात.
मग, बऱ्याच वेळाने:
मीच भरली होती. एका पिंपाच्या तळातून.
ते पिंप विकायचं नव्हतंच.

चांगली आहे?
मला काय विचारतेस. नाक तुझ्याकडे आहे.

बूच भुगा होऊन आत पडलं.
चहाच्या गाळणीतून गाळली, स्टीलच्या मगात,
तिथेच, पायरीवर, टॉर्चच्या उजेडात.
सांग, ते म्हणाले.
माझ्याकडे त्यांचे शब्द नाहीत,
मी बस चालवते, डिझेलचा वास ओळखते.
म्हटलं, साल.
कुठलं साल?
संत्र्याची साल, बाबा. शाळेच्या दप्तरात विसरलेली.
आणखी?
ओला दगड.
आणखी.
तुमचा कामाचा कोट, दाराआड टांगलेला,
मी त्याच्या बाहीत तोंड खुपसायची, तो.

ते डोळे मिटून बसले.
मग मग घेतला, एक घोट,
जिभेवर इतका वेळ धरला
की मला वाटलं, गिळायचं विसरले.
पातळ आहे, म्हणाले.
आणि मग पुन्हा पुढे केला.

वरून आईची हाक:
झाल्या का सहा?

पाच, बाबा ओरडले,
आणि मिशी पुसली.