हातचे दहा

कुउसामोत जानेवारीत शेडचं कुलूप उघडण्याआधी
ते थोडा वेळ मुठीत धरून उभं राहावं लागतं.
उणे सत्तावीस.
आत ड्रिल प्रेस, माझ्या खांद्याएवढं, हिरवं,
रंग उडालाय तिथं उघडं लोखंड,
बोट लावलं की सोडत नाही.

अशा थंडीत
हातमोजे काढून दाराबाहेरच्या खिळ्याला टांगायचे!
तौनो केम्पाइनेनची पहिली अट हीच होती.
त्याचे मोजे साइमीनं विणलेले, दुहेरी लोकरीचे.
तो म्हणायचा, धागा एकदा सापडू दे,
चक साइमीपेक्षा भरभर विणतो,
आणि त्याचा टाका उसवता येत नाही.

म्हणून चुलीपाशी हात शेकायचे,
एक भोक पाडायचं,
परत चुलीपाशी.
एका बिजागरीला सहा खेपा.
मी एकोणीस वर्षांची, मला हसू यायचं.

वेणी टोपीत. बाह्या कोपराच्या वर.
चष्मा, ओरखडे पडलेला, तरी चष्मा.
चकच्या चावीला त्यानं आखूड दोरी बांधलेली,
दोरीचं दुसरं टोक प्लगला:
चावी चकमध्ये विसरली
तर प्लग भिंतीपर्यंत पोचतच नाही.
पट्टा बदलायचा तर आधी वायर काढ.
पोलादाला सावकाश फिरव, लाकडाला जोरात.
खाली फळकूट ठेव, टेबलाला भोक कशाला?
कीस ब्रशनं झाड,
तो चांदीसारखा दिसतो आणि ब्लेडसारखा वागतो.

हात राखून काम करणाऱ्याला जग नावं ठेवतं.
इथे हात राखूनच करायचं.
शाळेत बेरजेला हातचा एक घेतात,
तौनो रोज संध्याकाळी दिवा मालवण्याआधी
हातचे दहा मोजायचा,
मोठ्यानं,
आधी स्वतःचे, मग माझे.

एका शनिवारी तो साउनात गेला होता.
मला पत्रपेटीवर माझं नाव हवं होतं,
पितळेचा पातळ पत्रा, दोन भोकं,
तीन मिलिमीटरची.
दोनच. क्लॅम्प लावायला जास्त वेळ लागला असता.

पहिलं भोक नीट पडलं.
दुसऱ्याला, पार जाता जाता, बिटानं पत्रा उचलला.

आवाज आठवत नाही.
आठवतं ते पिवळं वर्तुळ,
थाळीएवढं, पोटासमोर, जवळजवळ सुंदर,
आणि शर्टाचं बटण
चुलीच्या नळकांड्यावर टण्णकन वाजून कुठंतरी गेलं.
मी लाल बटण दाबलं. बराच वेळ दाबूनच ठेवलं.
शर्टाला वीतभर फाट, आडवी.
त्याच्या खाली माझं पोट, जसंच्या तसं.

तौनो आला, केसांतून वाफ निघत होती.
मी कोट गळ्यापर्यंत लावून बसलेली,
म्हणाले, थंडी वाजते.
त्यानं चुलीत एक ओंडका सारला.
संध्याकाळी दहा मोजले. दहा भरले.

सोमवारी क्लॅम्पच्या दांड्यावर
माझं बटण ठेवलेलं होतं.
त्यावर आम्ही कधीच बोललो नाही.

आता त्याचा नातू ओइवा येतो, शुक्रवारी, शाळा सुटल्यावर.
पक्ष्यांसाठी घरटं करतोय, बर्चच्या फळीचं.
मोजे न सांगता खिळ्याला टांगतो,
पण क्लॅम्पवरून हुज्जत घालतो:
लाकूडच तर आहे, मी घट्ट धरतो ना!
मी काही न बोलता स्क्रू आवळते.
तो दांडा खाली ओढतो, थोडा उचलतो,
भुसा बाहेर येऊ देतो, परत ओढतो.
चांगला हात आहे, आजोबांपेक्षा हलका.

बटण दाबून तो मशीन बंद करतो
आणि लगेच विचारतो,
तुझ्या शर्टाचं तिसरं बटण वेगळं का आहे?
बोट माझ्या पोटाकडे रोखलेलं,
दुसरा हात फळीकडे निघालेला.

चक अजून फिरतोय,
हळू,
त्याच्यावरची अक्षरं वाचता येणार इतक्यात.

थांब, मी म्हणते.
आधी त्याला थांबू दे.