शटर पाडलेली शहरं

नवतप्याचा सहावा दिवस. लाइन गेलेली.
बाबा बाजेवर उताणे, छातीवर ओला दुपट्टा,
डोळे न उघडताच विचारतात,
"मंग, कोणकोणतं गाव पाह्यलं यंदा?"

मी नावं घेते. कोटा, कोची, जोरहाट,
आणि एक समुद्रापलीकडचं,
ज्याचं नाव त्यांना तीनदा सांगावं लागतं.
"पाणी कसं हाये तिथलं?"

तेव्हा रविवार म्हणजे पहाटेची साडेपाचची येष्टी,
बाबांच्या मांडीवर पेटी,
पेटीत कानस, हातोडी, शिशाचे तुकडे,
आणि पितळेची बारकी वजनं,
जी मी गाव येईपर्यंत मोजत बसायची.
किराणा दुकानं रविवारी बंद,
म्हणून काटे रिकामे,
म्हणून बाबांच्या कामाचा दिवस तोच.
मागच्या दारानं आत. "या उकंडराव!"
अंधारात गूळ, मिरच्यांची पोती,
आणि एक तराजू, रुसलेल्या बाईसारखा
एकीकडे मान कलती केलेला.
बाबा वजन उलटं करून
तळाच्या खळग्यात शिसं ठोकत,
आणि मला म्हणत, "जाय माय, गाव पाहून ये.
सावलीच्या कडेनं चाल.
सावली सरली का वापस फिर."

एवढाच नकाशा.
तेवढ्यावर मी हिंगणघाट पाहिलं, उमरेड पाहिलं,
पुलगाव, वणी, एकदा तर बल्लारशा.
आठ वाजता सावली अख्ख्या रस्त्याची,
दहाला हातभर,
बाराला भिंतीला चिकटलेली नुसती पट्टी,
एक चप्पल मावेल एवढी.
मग एक पाय शहरात, एक पाय उन्हात.
पाडलेल्या शटरांवर वाचत जायची
सरकी, ढेप, सुतळी, उधार बंद.
न्हाव्याचं दुकान तेवढं उघडं,
आरशात मी, आणि माझ्यामागे कुणीच नाही.

वणीत एका गच्चीवरून
एका पोरीनं दोरीनं टोपली सोडली.
बेबीनंदा, तिनंच वरून ओरडून सांगितलं.
टोपलीत चिचबिलाई, आणि हुकूम,
"बिया वापस पाठवजो!"
मी पाठवल्या. मोजून. एकोणीस.

सोमवारची शहरं मला फार उशिरा कळली.
नोकरी लागल्यावर.
उघडी, भांडणारी, एकमेकांच्या अंगावर येणारी.
कुणी तरी झाकण काढून ठेवल्यासारखी.
अजूनही नव्या गावी मी रविवार येऊ देते,
मग निघते.

त्या लांबच्या शहरात ऑगस्ट सरत होता.
अख्खं गाव उन्हाच्या कडेला,
म्हातारी बाकांवर, बाळं गाड्यांत,
चेहरे वर केलेले, जणू कुणी काही वाढणार आहे.
मी एकटी समोरच्या बाजूला, सावलीत, कुडकुडत.
रस्ता काही रुंद नव्हता.
पाय ऐकत नव्हते.

आई कुठेच गेली नाही.
बाबा येताना फिरकीच्या तांब्यात
त्या त्या गावचं पाणी भरून आणायचे.
संध्याकाळी ती चुलीपुढून उठायची,
पदराला हात पुसून एक घोट घ्यायची,
जिभेवर धरायची, छताकडं पाहायची,
"वणी."
किंवा, "उमरेड. पण त्या मोठ्या इहिरीचं नाही."
माझ्या आठवणीत ती दोनदाच चुकली,
आणि त्यातल्या एका वेळी, मला अजून वाटतं,
बाबाच खोटं बोलले होते.

तांब्या फळीवर आहे. फिरकी गंजलेली.

मी बॅगेतून बाटली काढते,
विमानतळावर घेतलेली, अर्धी.
बाबा उठून बसतात. घोट घेतात.
गालात फिरवतात, या गालातून त्या गालात,
बराच वेळ.
छताकडंही पाहतात.
"हे त कुठचंच नाही बाप्पा,"
म्हणतात, आणि उरलेलं
कूलरच्या टाकीत ओततात,
लाइन आली का कामी येईल म्हणून.